शाब्बासच्या आधीची जागा

बारामतीत भिगवण चौकाच्या अलीकडं चष्म्याचं एक दुकान आहे. तिथल्या बाकावर नव्या काचा बसायची वाट बघत जोतीराम सर बसले होते, आणि शेजारून त्यांच्या कानावर त्यांचाच आवाज पडला. यात नवल असं काही नव्हतं. गेली काही वर्षं त्यांचा आवाज त्यांना सोडून गावोगाव हिंडत होता. कधी एसटीत, कधी किराणा दुकानाच्या फळीवर, कधी कुणाच्या ओट्यावर तो त्यांना भेटायचा, आणि नांदायला गेलेली लेक बाजारात अवचित दिसावी तसं सरांना बरं वाटायचं. आज शेजारच्या बाईला टेकून दोन वेण्यांची एक पोर बसली होती, तिच्या हातात मोबाइल होता, आणि मोबाइलमधले जोतीराम सर खणखणीत आवाजात विचारत होते, "सांगा बरं बाळांनो, आवाज निर्माण होतो तो कशामुळं? शाब्बास! आता दुसरं उदाहरण घेऊ." बाकावरचे सर ताठ झाले. जिना उतरताना अजून एक पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि पायरीच नसावी, तसं त्यांचं झालं. प्रश्न आणि शाब्बास एकमेकांना चिकटले होते. मधलं काहीतरी गेलं होतं.

"किती ग्वाड शिकवत्यात न्हाय?" बाई सरांकडं बघून म्हणाली. "आमच्या ह्या संस्कृतीला जेवतानासुदीक हेच सर लागत्यात. त्याबिगर घास उतरत न्हाय. तुमी बघितलंय का कधी?" सरांनी तोंड उघडलं, मिटलं, आणि नुसती मान हलवली. आवाज नसलेल्या माणसाला लोक बहिरा समजतात, हे सरांना आता सवयीचं झालं होतं. बाईनंही तसंच समजून आवाज चढवला आणि हाताची खूण करून ओरडून सांगितलं, "बसा, बसा! तुमचा लंबर लांब हाय!" मोबाइलमधले सर तिकडं पुढच्या प्रश्नाला शाब्बास म्हणून मोकळे झाले होते. पोर तोंडात बोट घालून बघत होती. तिला काही विचारलं गेलं आहे, हे तिच्या गावीही नव्हतं, कारण विचारून झाल्याबरोबर शाबासकी मिळून गेली होती.

काटेवाडी मागं टाकून मोटरसायकलवरून ते भवानीनगरकडं निघाले तेव्हा उन्हं कलली होती आणि रस्त्याला उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागली होती. ट्रॉलीमागं माणूस अडकला की गाडी पुढं काढता येत नाही, आणि थांबावं म्हटलं तर मागं दुसरी ट्रॉली येऊन टेकलेली असते. पुढच्या ट्रॉलीतलं पाचट तोंडावर घेत, तिच्या चालीनं चालत राहायचं. सर चालत राहिले, म्हणजे गाडी चालवत राहिले, आणि डोक्यात ती पायरी पुन्हा पुन्हा चुकत राहिली. काय गेलं होतं ते त्यांना नीट माहीत होतं. तिथं त्यांची कौसल्या होती.

टाळेबंदीच्या दिवसांत शाळा बंद पडल्या, तेव्हा संस्थेनं फर्मान काढलं की प्रत्येकानं घरी बसून मोबाइलवर धडे बोलायचे. बाकीच्या सरांनी पुस्तक हातात धरलं आणि मोकळे झाले. जोतीराम सरांची मात्र पंचाईत झाली. त्यांचं शिकवणं हे मुळात शाळेत जन्मलेलंच नव्हतं. ते जन्मलं होतं सणसरच्या सप्ताहात, कीर्तनात, वडिलांच्या धोतराचा सोगा धरून टाळकऱ्यांच्या ओळीत उभं राहिलं असताना. महाराज चरण म्हणत म्हणत यायचे आणि अर्ध्यावर तो सोडून द्यायचे. सोडायचे म्हणजे टाकायचे नव्हे. चार माणसांनी झेलावा म्हणून वर उडवायचे. टाळकरी तो उचलायचे, मृदंगावर थाप पडायची, आणि तेवढ्यात महाराज उपरण्यानं कपाळ टिपून, दम घेऊन, समोरच्या बायाबापड्यांच्या तोंडाकडं बघून पुढचा दृष्टांत शोधायचे. पोरवयातल्या जोतीरामला तेव्हाच कळलं होतं की कीर्तन महाराजांच्या तोंडात नसतं, ते त्या सोडून दिलेल्या अर्ध्या चरणात असतं. पुढं तो सर झाला, हातात टाळांच्या जागी खडू आला, पण रीत तीच राहिली. वाक्य अर्ध्यावर आणायचं, पोरांकडं टाकायचं आणि थांबायचं. कुणीतरी उचलेपर्यंत थांबायचं. बरोबर उत्तर आलं तर शाब्बास, चुकलं तर "आणखी कोण?" म्हणून पुन्हा थांबायचं. त्यांच्या तासाला देवाची वस्ती असते, असं एक म्हातारे हेडमास्तर म्हणायचे, आणि सर मनातल्या मनात म्हणायचे, असते, पण ती माझ्या बोलण्यात नसते, मी गप्प बसतो तिथं असते.

तर असा माणूस भिंतीला टेकवलेल्या मोबाइलसमोर उभा राहिला आणि पहिल्याच प्रश्नाला आडवा झाला. वाक्य सोडलं, उचलायला कुणी नाही. काच नुसती बघते आहे. तीनतीनदा धडा सुरू केला आणि त्याच जागी बंद पाडला. तेव्हा स्वयंपाकघरातून कौसल्याबाई कणकेचे हात पुसत आल्या. "काय चाललंय? इचारताय आन् थांबताय. कुणी उत्तर द्यायचं तुमाला, भिंतीनं?" मग त्याच मोबाइलच्या मागं पाट घेऊन बसल्या. सातवी शिकलेली बाई, पण मन लावून बसली. सरांनी विचारलं, आवाज निर्माण होतो तो कशामुळं? आणि मोबाइलमागून, ऐकू जाईल न जाईल असं, लाजत उत्तर आलं, "कंपनामुळं." "शाब्बास!" ते म्हणाले, आणि ते अस्सल म्हणाले. मग सगळे धडे तसेच झाले. दुपारी कारखान्याचा भोंगा झाला की थांबायचं, कुकरची शिट्टी झाली की कौसल्याबाईंनी पळायचं आणि परत येऊन पाटावर बसायचं. चुकलं की त्या जीभ चावायच्या. जगासाठी म्हणून सोडलेल्या त्या धड्यांतली प्रत्येक शाबासकी एका बाईसाठी होती, हे जगात दोघांनाच ठाऊक होतं.

आणि पोरांनी ते धडे उचलून धरले. जागा मोकळी होती, म्हणून त्यात पोरं बसली. पुढं शाळा उघडल्या तरी संस्थेनं ते धडे जपून ठेवले, वर्गावर्गांत मोठे टीव्ही बसवले, आणि आता त्यांचं नवं रूप निघालं होतं. पुस्तकातल्या ठिपक्यांच्या चौकोनावर मोबाइल धरला की सर हजर. संध्याकाळी घरी आल्यावर सरांनी ऋतिकला निरोप टाईप केला. ऋतिक म्हणजे संस्थेचं संगणकाचं सगळं बघणारा पोरगा, चांगला होता बिचारा, सरांचाच विद्यार्थी. त्याचा लगेच फोन आला. सरांना फोनवर बोलता येत नाही हे तो विसरला होता. पण उत्साह एवढा, की त्याचं त्यानंच बोलून घेतलं. "सर, नवं व्हर्जन बघितलं का? भारी झालंय ना? आधी फार गॅप होते, सर. पोरं पुढं पळवायची. आता सॉफ्टवेअरच आपोआप शांतता शोधतं आणि कापतं. निम्म्याला आलाय धडा, सर, निम्म्याला! शब्द एकही गेला नाही, मी स्वतः बघितलंय." कौसल्याबाईंचं "कंपनामुळं" इतकं बारीक होतं, की मशीनला तीही शांतताच वाटली असणार. सर फोन कानाला लावून उभे राहिले. पलीकडं ऋतिक म्हणत होता, "हॅलो? हॅलो सर? रेंज गेली वाटतं."

रेंज दोन वर्षांमागं गेली होती. आधी घसा बसला, तो सप्ताहातल्या जागरणानं असेल म्हणून काढे झाले, गुळण्या झाल्या. मग पुण्याच्या डॉक्टरांनी नळी घालून बघितलं आणि स्वरयंत्रावर गाठ आहे म्हणाले. गाठ साधी निघाली, पांडुरंगाची कृपा. पण ती काढताना आवाज तिच्याबरोबर गेला. मागं राहिली ती नुसती फुंकर. शब्द असतात, ओठ हलतात, वारा येतो, पण त्या वाऱ्याला नाद नाही. समोर हातभर अंतरावर बसलेल्या माणसाला कान देऊन ऐकलं तर कळतं. त्या साली सप्ताहात सर नेहमीच्या ओळीत उभे राहिले, हातात टाळ घेतले, महाराजांनी चरण सोडला, आणि सवयीनं सरांनी तो उचलायला तोंड उघडलं. शेजारचे दोघे त्यांच्याकडं बघून चटकन दुसरीकडं बघायला लागले. आपल्या माणसाची लाज आपण झाकावी तसं. सर टाळ ठेवून मंडपाबाहेर गेले. तिथं सणसरचे तात्या, सप्ताहाचे जुने विणेकरी, गळ्यात वीणा घेऊन पहाऱ्याला उभे होते. वीणा सप्ताहभर खाली टेकत नाही. एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते. तात्यांनी सरांकडं बघितलं, वाकून आपल्या गळ्यातली वीणा त्यांच्या गळ्यात घातली आणि पायाला हात लावला. "उभं ऱ्हावा, सर. हितं गळा लागत न्हाय, हितं पाय लागत्यात." सर मोठ्यांदा हसले, म्हणजे त्यांच्या तोंडून पुष्कळसा वारा बाहेर पडला. तेवढा एक पहारा सोडला, तर त्यानंतर त्यांना कुठं उभं राहावं ते कळेनासं झालं.

नोकरी राहिली होती आणि आवाज गेला होता. दुसऱ्या कुणी घरी बसवलं असतं. पण संस्थेचे सचिव दादासाहेब हे मनानं मोठे. त्यांनी सरांना बारामतीच्या ऑफिसात बोलावलं, चहा पाजला, खांद्यावर हात ठेवला. "सर, घाबरायचं न्हाय. तुमचं शिकवणं तुमीच करून ठिवलंय की. तुमी फक्त खुर्चीवर बसायचं, बटण दाबायचं, आन् पगार घ्यायचा. आमी हाय." त्या दिवशी सरांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. आणि त्या दिवसापासून सर खुर्चीवर बसत आले होते. समोर फळ्याच्या जागी त्यांचाच चेहरा, सुपाएवढा मोठा, केस काळे, आवाज घंटेसारखा. आणि त्याच्या बगलेला खुर्चीवर ते. तो चेहरा त्यांच्याकडं कधी बघायचा नाही. पोरं त्याच्याकडं बघायची. पोरांनी नावंही पाडली होती, सरांना ती कळली होती: टीव्हीवालं सर आन् खुर्चीवालं सर. "टीव्हीवालं सर लय भारी, खुर्चीवालं सर लय गरीब," असं एकजण पाण्याच्या टाकीपाशी म्हणाला होता, आणि त्यात कुचेष्टा नव्हती, माया होती, म्हणूनच ते जास्त लागलं. आपल्याच घराची कडी आतून लागलेली आहे, आत दिवा आहे, आपण गातो आहोत ते आपल्याला बाहेर ऐकू येतंय, आणि कडी वाजवायला हात उठत नाही, कारण दार उघडायला येणारे आपणच असू आणि आपल्याला ओळखणार नाही, असं काहीतरी त्यांना त्या खुर्चीत बसून वाटायचं. शेवटी शेवटी तर ते वाटणंही बोथट झालं होतं. निदान त्या धड्यांतली थांबण्याची जागा होती. तिथं पोरं उत्तरं द्यायची, आणि चुकली तर सर बोट वर करून नाही म्हणायचे, दुसऱ्याकडं वळायचे. दिवसातून तेवढाच वेळ ते सर असायचे.

ती जागाही आता गेली होती. आणि उद्या इंदापूर तालुक्यातले मुख्याध्यापक त्यांचा वर्ग बघायला यायचे होते. नुसतं बघायला नव्हे. महिन्यामागं दादासाहेबांनी नवा बेत सांगितला होता. सरांचा जुना आवाज मशीनला चारायचा. मग मशीन सरांनी कधीच न बोललेले धडे सरांच्याच आवाजात बोलणार. पाचवी ते दहावी, सगळे विषय, संस्थेच्या सगळ्या शाळा. "भूगोलसुदीक तुमीच शिकवणार, सर! इंग्रजीसुदीक!" दादासाहेब म्हणाले होते. सरांना इंग्रजी यायचं नाही. "फक्त तुमची परवानगी पायजे. पावण्यांसमोर इचारतो, तुमी मान हलवा, आमी टाळ्या वाजिवतो." एवढंच होतं. एका माणसाचं 'नाही' तेवढं त्यात अडकलं होतं. मान हलवली की तो आवाज सरांचा उरणार नव्हता आणि कधी थांबणारही नव्हता. दम न घेणारा कीर्तनकार, टाळकऱ्यांवाचून, गावोगाव, जन्मभर. आणि नाही म्हणायचं, तर ते कशानं म्हणायचं? ज्यानं संकटात खुर्ची दिली त्याच्या तोंडावर, फुंकरीनं?

रात्री जेवताना कौसल्याबाईंनी विचारलं, "तोंड का असं वाळल्यालं? उद्याचं टेन्शन घेतलं व्हय? मान तर हलवायची हाय. मला इचारली असती परवानगी तर मी धा डाव मान हलवली असती." आणि स्वतःच हसल्या. "माझाबी आवाज हाय की त्यात. मशीन मलाबी हिंडवंल." सरांनी त्यांच्याकडं बघितलं. तुझा आवाज कापला गेलाय, हे सांगावं असं ओठांपर्यंत आलं. कौसल्याबाई हातभर अंतरावरच होत्या, ऐकू गेलं असतं. पण सरांनी आमटीत भाकरी चुरली आणि खाली मान घातली.

सकाळी वर्ग चकाचक होता. खिडकीच्या कठड्यापर्यंत आलेला ऊस वाऱ्यानं सळसळत होता. मागच्या भिंतीला पाहुण्यांच्या खुर्च्या, मधोमध दादासाहेब, दाराशी टॅब घेऊन ऋतिक. पुढच्या बाकावर मोना बसली होती. मोना म्हणजे कारखान्याचा भोंगा. तिनं प्रार्थना म्हटली की रस्त्यावरची माणसं थांबायची. घरात, शाळेत, एसटीत, जो तो तिला एकच सांगायचा, हळू बोल गं पोरी. आजही वर्गशिक्षिकेनं पाहुण्यांच्या देखत दोनदा बजावलं होतं. सरांनी बटण दाबलं. टीव्हीवाले सर उजळले, हसले, हात जोडले. "बाळांनो, आपापल्या गळ्यावर बोटं ठेवा. आ म्हणा. काय जाणवलं? शाब्बास! म्हणजे गळ्यात कंप होतो." पोरांची बोटं अजून गळ्यापर्यंत पोचली नव्हती. कुणाचं 'आ' अर्ध्यात कापलं गेलं, कुणाचं सुरूच झालं नाही, आणि टीव्हीवाले सर पुढं निघून गेले होते, मंदिराच्या घंटेवर, तबल्याच्या पुडीवर, प्रश्न शाब्बास, प्रश्न शाब्बास, उसाच्या ट्रॉल्या एकामागं एक निघाव्यात तसे. पाहुणे माना डोलावत होते. खुर्चीवाले सर त्याच्या तोंडाकडं बघत होते. या माणसानं श्वास घेतला नाही. हा माणूस, ज्याचं नाव माझं आहे, त्यानं सुरू झाल्यापासून एकदाही श्वास घेतला नाही. सरांनी आपला श्वास रोखून त्याची वाट बघितली आणि त्यांनाच तो आधी सोडावा लागला.

आणि त्याच वेळी त्यांना दिसलं की मोनाची बोटं अजून गळ्यावरच आहेत. सगळ्यांची खाली आली होती, हिची तिथंच. ती ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटत होती, थांबत होती, बोटं सरकवत होती, पुन्हा पुटपुटत होती. कपाळाला आठी. मग तिनं हात वर केला. टीव्हीकडं बघून वर केला. टीव्हीवाले सर म्हणाले, "कळलं ना सगळ्यांना? शाब्बास!" मोनाचा हात तसाच राहिला. मागून वर्गशिक्षिकेनं खूण केली, खाली घे. मोनानं घेतला नाही. दुसऱ्या हातानं तो कोपरात धरला, अवघडला म्हणून. कुणी बघेल म्हणून वाट बघत. सरांनी हे आयुष्यभर बघितलं होतं, असा हात. आणि असा हात वर असताना ते एकदाही पुढं गेले नव्हते. आता जात होते. समोर जात होते, मोठ्या आवाजात, हसत हसत.

सरांनी बटण दाबलं.

टीव्हीवाल्या सरांचं तोंड उघडंच राहिलं. वर्गात एकदम उसाची सळसळ ऐकू आली. दाराशी ऋतिक टॅबकडं बघून कुजबुजला, "सर, चुकून दाबलं, पुन्हा दाबा." सर उठले, मोनाच्या बाकापाशी आले आणि त्यांनी हनुवटी वर केली: बोल.

"सर," मोना म्हणाली, आणि खिडकीच्या काचा थरथरल्या. "मला सगळी हळू बोल म्हंत्यात. म्हून मी हळू बोलून बघितलं. निस्तं वारं सोडून. तर गळा थरथरतच न्हाय! बोट लावून बघा. पर आवाज तर येतोय. मग सर, कंप न्हाय तर आवाज येतो कुठनं?"

मागं एक मुख्याध्यापक शेजाऱ्याला म्हणाले, "पोरगी चाप्टर हाय." सर मोनाकडं बघत राहिले. कौसल्येनं हे विचारलं नव्हतं. पुस्तकानं विचारलं नव्हतं. समोर तोंड उघडून उभ्या राहिलेल्या त्या काळ्या केसांच्या माणसाला, त्याच्या घंटेसारख्या गळ्याला, हे जन्मात सुचलं नसतं. याचं उत्तर त्या खोलीत एकाच माणसाला माहीत होतं, कारण गेली दोन वर्षं तो त्या उत्तरातच राहत होता. सरांनी स्वतःची कॉलर सैल केली, मोनाचा हात धरला आणि तिची दोन बोटं आपल्या गळ्यावर ठेवली. मग बोलले. मोनाचे डोळे मोठे झाले. "काईच न्हाय!" ती ओरडली. "सरांच्या गळ्यात काईच थरथरत न्हाय! तरी सर बोलत्यात!"

"काय बोलत्यात?" मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडलं.

सर वाकले. त्यांनी चार शब्द फुंकरले आणि थांबले. मोनानं ते उचलले, "खिडकीबाहेर बघा म्हंत्यात!" अख्खा वर्ग खिडकीकडं वळला. आणखी चार शब्द, थांबले. "उसाला गळा हाय का म्हंत्यात!" "न्हाय!" वर्ग म्हणाला. "मग ही सळसळ कोण करतंय म्हंत्यात!" "वारं!" "वारं पाल्यातनं घुसतं, अडखळतं, घासतं, त्याची सळसळ. तसंच तोंडातनं म्हंत्यात. हळू बोलतो तवा गळ्याची तार गप असती, निस्तं वारंच बोलतं म्हंत्यात!" सर बोलत होते, थांबत होते, मोना उचलत होती, पोरं तिच्यामागं म्हणत होती, एक ओळ, दुसरी ओळ, आणि मधल्या जागेत सर दम घेत होते, पोरांच्या तोंडाकडं बघत पुढचं शोधत होते. मग त्यांनी हात खाली केला, आणि वर्ग कुजबुजायला लागला. सगळी पोरं गळ्यावर बोटं ठेवून, डोळे मिटून, आपलीआपली नावं कुजबुजत होती. बाहेर ऊस आणि आत पोरं, कोणती सळसळ कोणाची ते कळेना. सरांना वाटलं, आपल्या गळ्यात वीणा आहे.

टाळ्या वाजल्या आणि ते मोडलं. दादासाहेब उठून पुढं आले होते, चेहरा फुललेला. "वा! वा, सर! हेबी घेऊ की आपण. ऋतिक, हे घे लिहून, हे नव्या धड्यात टाकायचं, सरांच्या जुन्या आवाजात. मंडळी, बघितलं ना? असा माणूस एकाच वर्गात का ठिवायचा? उद्यापासनं ह्यांचा आवाज आपल्या सगळ्या शाळांत, सगळ्या विषयांना. मशीन बोलंल, सर आराम करतील." त्यांचा जड, ऊबदार हात सरांच्या खांद्यावर पडला. तोच हात, चहाच्या दिवसाचा. "काय सर? हाय ना मंजूर?"

सरांनी दादासाहेबांकडं बघितलं. त्यांच्यावर राग येईना. या हातानं आपल्याला वर धरलं आणि हाच दाबतो आहे, आणि हाताला दोन्ही एकच वाटतंय. मान आपोआप खाली जायला लागली, इतक्या दिवसांची सवय होती ती. पाहुण्यांचे हात टाळ्यांसाठी वर आले होते. सरांनी मान अर्ध्यात धरली आणि बोलले. दोन अक्षरं, नुसता वारा. दादासाहेबांनी ऐकलं नाही. ते पाहुण्यांकडं बघून हसत होते. पाहुण्यांनी ऐकलं नाही. ऋतिकच्या हातातल्या टॅबनं ऐकलं असतं, तरी शांतता समजून कापलं असतं.

पण सरांचं बोलणं संपलं होतं आणि ते थांबले होते. आणि आज सर थांबले की उचलायचं असतं, हे एकीला माहीत होतं.

"नको!" मोना म्हणाली, भोंगा झाल्यासारखी. "नको म्हंत्यात!"

आणि तिच्यामागं, गळ्यावरची बोटं तशीच ठेवून, कशाला काय म्हणतोय याचा विचारही न करता, सगळ्या वर्गानं ओळ उचलली. "नको!"

टाळ्यांसाठी वर आलेले हात हवेत राहिले. दादासाहेबांचा हात सरांच्या खांद्यावर होता तो तिथंच होता. तो उचलायचा की ठेवायचा ते त्यांना उमजेना. भिंतीवरचे सर तोंड उघडून वाट बघत होते. बाहेर ऊस वाजला. पुढं काय होईल, खुर्ची राहील की जाईल, दादासाहेब रागावतील की हसतील, यातलं काहीच सरांना दिसत नव्हतं. त्यांना फक्त ती शांतता ऐकू येत होती, लांब, भरलेली, न कापलेली. त्यांनी तिला घाई केली नाही. संध्याकाळी घरी गेल्यावर पाटाजवळ बसून पहिल्यांदा कौसल्येला ते कापलेल्या 'कंपनामुळं'चं सांगायचं, हे त्यांनी त्या शांततेतच ठरवलं. मग पुढच्या बाकाकडं वाकून, पोरीच्या कानापर्यंत जाईल एवढ्याच वाऱ्यावर, जोतीराम सर म्हणाले, "शाब्बास."